कार्ड बदलू की नको : जत्रेच्या नाटकाची कामवही

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

सकाळी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू लावलं आणि दुपारी त्याच मशीनने हात वर केले. राजवाड्याचा देखावा ब्लेंडरमध्ये (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) रेंडरला लावला होता, म्हणजे मशीनने हिशेब करून त्याचं पक्कं चित्र काढायचं. दोन मिनिटं पंखा गुरगुरला आणि मॉनिटरवर ओळ आली, ‘आउट ऑफ जीपीयू मेमरी’. ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. फूल तेवढं डोक्यावर डुलत राहिलं.

काम असं आहे. गावच्या जत्रेला दरवर्षी उत्सवी नाटक होतं. यंदा पौराणिक आहे आणि मंडळाने रंगवलेल्या पडद्यांऐवजी मागे एलईडी वॉल लावायचं ठरवलंय. देखावे माझ्याकडे: राजवाडा, अरण्य, नदीकाठ, आश्रम, कैलास, रणांगण, देऊळ. प्रत्येकी वीस सेकंदांचा फिरता तुकडा, सेकंदाला २५ फ्रेम. ७ × २० × २५ म्हणजे ३५०० फ्रेम. जत्रा १३ डिसेंबरला.

मशीन २०१८ चं. आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० सहा जीबी, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). राजवाडा सोडून बाकीच्या सहा देखाव्यांची एकेक फ्रेम फोरकेमध्ये (३८४० बाय २१६० पिक्सेल) काढून बघितली. सरासरी २५० सेकंद. ३५०० ने गुणलं तर २४३ तास. रात्री आठ तास मशीन चालू ठेवायचं धरलं तर तीस रात्री. दिवस बहात्तर आहेत, त्यामुळे गणित बसतं असं वाटेल, पण मास्तर (आमचे दिग्दर्शक) एकदा बघून ‘छान’ म्हणून गप्प बसतील तर ते मास्तर कसले. एक फेरी बदल आले की साठ रात्री.

म्हणून ही वही. प्रश्न एकच लिहून ठेवतो: नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

५ ऑक्टोबर

बाजार बघितला. म्हापशातल्या दुकानदाराने तोंडी भाव सांगितले, ते तसेच टिपतोय.

आरटीएक्स ३०६० बारा जीबी, नवं, सव्वीस हजारांच्या आसपास. सेकंडहँड पंधरा-सोळा. आरटीएक्स ५०६० टीआय सोळा जीबी, अठ्ठेचाळीस. मधल्या ४०६० आणि ५०६० मी लगेच बाद केल्या, कारण दोन्हींत आठच जीबी मेमरी. माझं कार्ड मेमरी संपली म्हणून अडलंय, वेगासाठी नाही. सहाची आठ करण्यासाठी तीस हजार घालणं म्हणजे घागर फुटली म्हणून तांब्या आणणं.

कागदावर ३०६० भक्कम दिसतं. माझ्या १०६० मध्ये १२८० कुडा कोर (हिशेब करणारे छोटे गाभे), त्यात ३५८४. दोन पिढ्यांचे कोर सरळ भागाकार करून तोलता येत नाहीत, पण खरा फरक वेगळाच आहे. प्रकाशाचा किरण कुठल्या पृष्ठभागावर आपटतो हे शोधण्यासाठी आरटीएक्स कार्डांत वेगळे आरटी कोर असतात आणि ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन, एनव्हिडियाचं ऑप्टिक्स लावलं की, ते वापरतं. माझं कार्ड २०१६ चं, पास्कल पिढीचं. त्यात ते मुळातच नाहीत.

५०६० टीआय १८० वॅट खातं, कंपनी ६०० वॅटचा एसएमपीएस सांगते. ३०६० ला १७० वॅट आणि ५५० चा. म्हणजे कुठलंही घेतलं तरी एसएमपीएसचे पाच-सहा हजार वर. शिवाय ५०६० टीआय बोर्डाशी फक्त आठ लेनवर, म्हणजे डेटाच्या आठच वाटांवर बोलतं आणि माझा बोर्ड जुना, पीसीआय-ई ३.० चा, त्याच्या वाटाही संथ. गेम खेळणाऱ्याला याचा फटका बसू शकतो. रेंडरला तितका नाही, कारण देखावा एकदा कार्डात चढला की तिथेच बसतो. मात्र मेमरी कमी पडून रॅमकडे ये-जा सुरू झाली की हीच अरुंद वाट नडते.

एएमडीचा विचार सोडला, कारण माझी सगळी घडी ऑप्टिक्सच्या आशेवर. इंटेलचं आर्क बी५८० बारा जीबी मोहात पाडणारं होतं, पण इंटेल त्याला दहाव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर मागतं. माझा आठव्या पिढीचा. संपलं.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. एनव्हिडियाने जाहीर केलंय की पास्कल कार्डांना या ऑक्टोबरनंतर नेहमीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मिळणार नाहीत, २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. कार्ड उद्या बंद पडणार नाही, पण म्हाताऱ्याचं पेन्शन सुरू झालंय हे खरं.

११ ऑक्टोबर

खरेदीच्या आधी आहे ते उघडून बघावं म्हणून कार्ड बाहेर काढलं. तीन वर्षं हात लावला नव्हता.

आमचं घर चिऱ्याचं. डिचोलीत उन्हाळ्यात लाल धूळ आणि पावसाळ्यात ओल, दोन्ही एकाच खिडकीतून येतात. पंख्याचं आवरण काढलं तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) पात्यांवर धुळीची अख्खी गादी. धूळ म्हणावी तर ती झटकून उडेना. ओलीने घट्ट बसलेली, तांबूस, घोंगडीच्या तुकड्यासारखी. चिमट्याने टोक धरून ओढली तर सलग निघाली, त्यावर पात्यांचे वळ उमटलेले. खाली चिपवरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळून पानाच्या डब्यातल्या चुन्यासारखी झालेली, नखाने खरवडली तशी खपल्या उडाल्या. मागच्या पट्टीवर, एचडीएमआयच्या तोंडाशी गंज. तो मी टूथब्रशने घासला. उपयोग काय माहीत नाही, पण बरं वाटलं.

नवी पेस्ट लावून परत बसवलं. आधी रेंडरमध्ये तापमान ८३ अंशांवर चिकटून बसायचं. या कार्डाची लक्ष्मणरेषा तीच, तिथे पोचलं की ते स्वतःच वेग उतरवतं. आता ७० ते ७१. त्याच सहा फ्रेम, तेच सेटिंग: सरासरी २५० वरून २३० सेकंद. एकूण २२४ तास, अठ्ठावीस रात्री.

दोन रात्री एका चिमट्याने मिळाल्या. पेस्टची नळी चारशेची.

१४ ऑक्टोबर

राजवाड्याची मेमरी कुठे जाते ते बघितलं. हे मी सात वर्षांत कधी केलं नव्हतं, याची आज लाज वाटली.

एक फोरके टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं पृष्ठभागाचं चित्र) म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट. गुणाकार ६४ एमबी. डिस्कवर ती जेपीजी फाइल पाच-सहा एमबीची दिसते, त्यामुळे डोळा फसतो. कार्डात चढताना ती पूर्ण उलगडून चढते. माझ्या राजवाड्यात २४ मटेरियल: संगमरवर, झुंबराचं पितळ, मखमल, खांबांवरची नक्षी वगैरे. प्रत्येकाचे चार नकाशे: रंग, उठाव, खडबडीतपणा, धातू. २४ × ४ म्हणजे ९६. ९६ × ६४ म्हणजे ६१४४ एमबी.

सहा जीबी. बरोब्बर सहा. कार्डाची सगळी मेमरी नुसत्या रंगरंगोटीनेच भरली. खांब, झुंबर आणि खुद्द विंडोज बसणार कुठे?

ब्लेंडरमधली सिम्प्लिफाय ही सोय चालू करून टेक्स्चरची मर्यादा २०४८ वर आणली. बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं. ९६ × १६, दीड जीबी. राजवाडा पहिल्या झटक्यात रेंडर झाला. दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून मी बराच वेळ फरक शोधत बसलो. सिंहासनाच्या हातावर, २०० टक्के मोठं केल्यावर, थोडासा सापडला.

मेमरीसाठी कार्ड घ्यायचं हे कारण इथे वहीतून खोडलं. उरला वेग.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

रात्रभर नरकासुराच्या पुतळ्यांपुढचे स्पीकर. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मी अरण्य रेंडरला लावून बघायला गेलो. पहाटे साडेतीनला लायट गेली ती वीस मिनिटांनी आली. यूपीएस दहा मिनिटांचा.

चूक माझी: रेंडर थेट एमपीफोरमध्ये काढत होतो. फाइल अर्धवट, उघडत नाही. सहा तास पाण्यात. आजपासून फक्त पीएनजी, फ्रेमगणिक वेगळी फाइल. लायट गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं.

पोहे खाऊन झोपलो.

२६ ऑक्टोबर

हे आधीच विचारायला हवं होतं.

मंडळाने ज्याची वॉल ठरवलीय त्याला फोन लावला. म्हटलं, तुमची वॉल किती? म्हणाला, वीस फूट बाय दहा. म्हटलं, पिक्सेलमध्ये सांगा. तो जरा थांबला, म्हणाला, ‘थ्री पॉइंट नाइन. बारा बाय सहा पॅनल.’

३.९ म्हणजे पिच, दोन दिव्यांच्या मधलं अंतर मिलिमीटरमध्ये. पॅनल अर्ध्या मीटरचा चौकोन, त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल. आडवे बारा, उभे सहा.

१५३६ बाय ७६८.

मी फोन ठेवला आणि कॅल्क्युलेटरवर परत केलं. एकूण ११ लाख ७९ हजार पिक्सेल. मी काढत होतो ते फोरके म्हणजे ८२ लाख ९४ हजार. सातपट. प्रत्येक फ्रेममधल्या दर सात पिक्सेलांपैकी सहा मी रात्र रात्र जागून शिजवणार होतो, आणि वॉलचा प्रोसेसर ते उकिरड्यावर टाकणार होता. तोही आत फोरके घेत नाही. १९२० बाय १०८० घेतो आणि त्याचा डावीकडचा वरचा कोपरा पॅनलांवर जसाच्या तसा उमटवतो. वॉलवाल्याने आणखी एक सांगितलं: प्रोसेसरमधून निघणाऱ्या एका केबलवर साधारण साडेसहा लाख पिक्सेल जातात, म्हणून आमच्या वॉलला दोन केबल लागतील. तो पिक्सेल केबलच्या हिशेबात मोजतो. मी मोजतच नव्हतो.

रेंडरचं माप १५३६ × ७६८ केलं. फ्रेम २३० सेकंदांवरून ४० वर. सातपट का नाही? दर फ्रेमला देखावा नव्याने चढवायला सातेक सेकंद जातात, ते पिक्सेल कमी केले म्हणून कमी होत नाहीत. पर्सिस्टंट डेटा चालू केला, म्हणजे एकदा चढवलेलं पुढच्या फ्रेमसाठी कार्डातच राहतं. ३३ सेकंद. ३५०० फ्रेम, ३२ तास, चार रात्री.

अठ्ठावीस रात्रींच्या चार झाल्या आणि खिशातला रुपया हलला नाही.

संध्याकाळी काका आले. हे जुने पडदे रंगवणारे. मांजरपाटावर, रंगात सरस कालवून. आसपासच्या कित्येक गावांच्या जत्रांना त्यांचं अरण्य आणि त्यांचाच राजरस्ता असायचा. मॉनिटरवर वडाचं एक पान मोठं करून ठेवलेलं होतं, शिरांसकट. त्यांनी चष्मा सारखा केला.

‘हे कोण बघणार?’

मी म्हटलं, कोणीच नाही, आजच कळलं. ते म्हणाले, आम्ही पडदा रंगवताना दर थोड्या वेळाने उठून मंडपाच्या पार टोकाला जायचो आणि तिथून बघायचो. जवळ उभं राहून रंगवलं की माणूस पानं मोजत बसतो. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, पडदा फाटला तर तुमच्यात शिवतात कसा? वॉलमध्ये एक पॅनल मेलं तर ते बदलतात म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं नाही. ‘म्हणजे चौकोनी ठिगळ,’ म्हणाले.

६ नोव्हेंबर

काल त्रिपुरारी पौर्णिमा. विठ्ठलापूरला वाळवंटीतल्या होड्या बघून रात्री उशिरा आलो, म्हणून आज सकाळ गेलीच. दुपारी वॉलवाल्याच्या गोदामात. त्याने चार पॅनल जमिनीवर उभे करून दिले, एक मीटर बाय एक मीटर, २५६ बाय २५६ पिक्सेल.

अगदी नाकाजवळ गेलं की चित्र दिसतच नाही. काळ्या पाटीवर दाणे दिसतात आणि प्रत्येक दाण्यात तांबडा, हिरवा, निळा असे तीन ठिपके. एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे, आणि चौथ्या मीटरच्या सुमाराला एकदम नदी झाली. पिच जितके मिलिमीटर तितके मीटर लांब, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे म्हणे. जत्रेत पहिली रांग स्टेजपासून पाच मीटरवर, आणि स्टेजच्या मागे वॉल. म्हणजे आठेक मीटर.

मी नदीकाठाचा तोच तुकडा तीन प्रकारे नेला होता: ६४, १२८ आणि ५१२ सॅम्पलवर (दर पिक्सेलला किती किरण सोडून बघायचे तो आकडा), तिन्हींना डीनॉइज म्हणजे दाणेदारपणा पुसणारी गाळणी लावून. ६४ मध्ये पाण्यावरची चमक वळवळत होती, ते लगेच कळलं. १२८ आणि ५१२ मात्र मी, वॉलवाला आणि त्याचा पोरगा, तिघांनीही आलटून पालटून बघितले. पोऱ्याने तीनदा चुकीचं सांगितलं. मी दोनदा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. रात्रीच्या कार्यक्रमाला वॉलचा उजेड खूप उतरवून ठेवतात, नाहीतर नटांचे चेहरे काळे पडतात. उजेड उतरवला की गडद छटा एकमेकींत मिसळून जातात. माझा रात्रीचा नदीकाठ, ज्याच्या सावल्यांवर मी आठवडा घालवला होता, तिथे नुसता काळा डाग. वर चंद्र, खाली डाग. कुठलंही कार्ड हे दुरुस्त करणार नव्हतं. सावल्या उचलून निळ्या कराव्या लागतील. जुन्या पडद्यांवरची रात्र नेहमी निळीच असायची, हे तिथे उभं असताना आठवलं.

१२८ सॅम्पलवर फ्रेम १४ सेकंदांत निघते. ३५०० फ्रेमना साडेतेरा तास. दोन रात्रींच्या आत.

१० नोव्हेंबर

पर्वरीच्या मित्राने त्याचं ३०६० शनिवार-रविवारपुरतं दिलं. तो विकण्याच्या विचारात आहे, म्हणून दिलं असणार. तरी दिलं.

बसवलं, चालू केलं, रेंडर लावला आणि मशीन खटकन बंद. परत चालू, परत बंद. भार आला की एसएमपीएस मान टाकतो. कागदावर ४५० वॅट पुरायला हरकत नव्हती: प्रोसेसर ६५, कार्ड १७०, बाकी किरकोळ. पण सात पावसाळे काढलेल्या ४५० ला ४५० कोण म्हणेल? वाड्यावरच्या सायबर कॅफेवाल्याकडून ५५० चा उसना आणला, मग चाललं.

मोजमाप. जुन्या पद्धतीची फ्रेम, फोरके आणि ५१२ सॅम्पल: १०६० वर २३०, ३०६० वर ऑप्टिक्ससह ४९. साडेचार पटीहून जास्त. नव्या पद्धतीची फ्रेम, जी मला खरोखर काढायची आहे: १४ विरुद्ध ४. साडेतीन पट. काम जितकं छोटं, तितका कार्डाचा फायदा आक्रसतो, कारण हलणाऱ्या गोष्टींची जुळवाजुळव प्रोसेसर करतो, पीएनजी लिहायला डिस्क लागते आणि ते तेवढंच राहतं.

म्हणजे साडेतेरा तासांचे चार तास. दोन रात्रींची एक. आणि त्या रात्री मी झोपलेला असतो.

पण खोटं कशाला लिहू? दिवसा त्या कार्डावर काम करताना मजा आली. रेंडर व्ह्यूमध्ये दिवा इकडचा तिकडे सरकवला की चित्र लगेच सावरतं. माझ्या कार्डावर मी दिवा सरकवतो आणि खिडकीबाहेर बघतो. सोमवारी ते काढून परत जुनं बसवताना, डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवल्यासारखं झालं.

१७ नोव्हेंबर

आठवडाभर टेबलावर कागद ठेवून, दिवसा मशीनसाठी थांबलो की वेळ टिपली. सहा दिवसांत चार तास चाळीस मिनिटं. त्यातला निम्मा वेळ मी उगाच पूर्ण सायकल्समध्ये बघत होतो. जुळवाजुळवीला ईव्ही, ब्लेंडरचं हलकं झटपट इंजिन, पुरतं.

या नाटकाचे मला मिळणार अठरा हजार. गावचं काम, जास्त मागवत नाही. त्यात सोळाचं कार्ड आणि साडेपाचचा एसएमपीएस म्हणजे देवाच्या नावाने घरचं घालणं.

ठरलं: एसएमपीएस आत्ता, कारण तो कधीही दगा देईल आणि जाताना सोबत काय घेऊन जाईल सांगता येत नाही. कार्ड नाही. रॅम १६ ची ३२ करायची होती, पण दुकानदाराने ऑक्टोबरमध्ये सांगितलेला भाव आज तो स्वतःच ओळखत नाही. जगभर मेमरी महागलीय म्हणाला. तेही राहिलं.

मित्राला कळवलं, तुझं कार्ड घेत नाही. ‘बघ हां,’ म्हणाला.

७ डिसेंबर

मास्तर आले. सगळे देखावे बघितले, ‘छान’ म्हणाले, आणि मग खुर्ची पुढे ओढली. आश्रमात सकाळ नको, तिन्हीसांज हवी. कैलासावर बर्फ पडताना दिसू दे. रणांगणातला रथ उजवीकडे, कारण डावीकडून सेनापतीची एंट्री आहे. देवळाच्या दीपमाळेवरचे दिवे एकेक करून लागू देत.

मी विचारलं, मास्तर, हे जूनमध्ये का नाही सांगितलंत? म्हणाले, ‘जूनमध्ये मला दिसलं नव्हतं रे.’

२००० फ्रेम परत. पावणेआठ तास. रात्री साडेदहाला लावलं, सकाळी चहाच्या वेळेला तयार. बर्फाने तेवढी गडबड केली, तो दुसऱ्या रात्री.

१४ डिसेंबर

झाली जत्रा. पालखी देवळात परतली तेव्हा बारा वाजून गेले होते, त्यानंतर नाटक. आता सकाळचे नऊ, डोळे चुरचुरताहेत, खाज्याचा पुडा उघडा आहे.

नमनाच्या आधी वॉल लावून बघितली तर उजवीकडचा एक पूर्ण पॅनल आणि पुढच्याचा थोडा भाग, उभाच्या उभा, काळा. वॉलवाला केबल तपासतोय, मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे बघताहेत. माझ्याकडे बघण्याचं कारण योग्यच होतं. देखावे चालवायला मी भाच्याचा जुना लॅपटॉप आणला होता. त्याचा पडदा १३६६ बाय ७६८, आणि सेटिंग डुप्लिकेटवर. त्यामुळे लॅपटॉप बाहेरही १३६६ च पाठवत होता. १५३६ मधून १३६६ गेले, उरले १७०. एका पॅनलला १२८. एक पॅनल आणि वर तिसरा हिस्सा, गणित अगदी चोख. एक्स्टेंड केलं, १९२० बाय १०८० निवडलं, पट्टा उजळला. अध्यक्षांनी मान वळवली.

नदीकाठ निळा दिसला. दीपमाळ लागताना मागून शिट्ट्या आल्या, त्या मास्तरांच्या खात्यात. काका शेवटच्या रांगेत उभे राहून बघत होते, मध्येच सहज वॉलच्या पार पुढ्यात गेले, दाणे बघून आले.

२२ डिसेंबर

वॉलवाल्याने माझा नंबर एकाला दिला. म्हापशात बंदिस्त हॉलमध्ये नृत्याचा कार्यक्रम, फेब्रुवारीत. वॉल आठ मीटर बाय चार, पिच २.६. पहिला प्रश्न आता पिक्सेलचाच विचारला. या पॅनलमध्ये १९२ बाय १९२. आडवे सोळा, उभे आठ. ३०७२ बाय १५३६, म्हणजे ४७ लाख १८ हजार. जत्रेच्या वॉलच्या बरोब्बर चौपट. पहिली रांगही जवळ, तीन-चार मीटरवर. चार मिनिटांचं काम, ६००० फ्रेम.

१०६० वर फ्रेमला ५६ सेकंद धरले तर ९३ तास, पावणेबारा रात्री, आणि तेही बदल न धरता. इथे मास्तर नाहीत, कोरिओग्राफर आहे. ३०६० वर सोळा सेकंदांनी पावणेसत्तावीस तास, साडेतीन रात्रींच्या आत. मानधन पंचेचाळीस हजार, तिसरा हिस्सा आगाऊ. एसएमपीएस आधीच बसलाय.

मित्राला फोन केला.

‘नोव्हेंबरात पंधराला दिलं असतं. आता कार्डंही चढलीत. सतरा.’

म्हटलं, तुझ्या कार्डावरची धूळ मी काढून दिली होती.

साडेपंधरावर आला. शुक्रवारी पर्वरीला जातो.